ऋतूंची नोंदवही



मालवण किनाऱ्यावरील दोन-तीन एकर जमिनीचा सातबारा पाहिला, तर त्यात भाताचा मळा, आंबा-काजूची लागवड आणि 'पोटखराबा' म्हणून दाखविलेला कातळ आढळतो. ही जमीन वर्षभर काय करते, हे मात्र त्या उताऱ्यावरून समजत नाही. त्यासाठी तिच्याकडे बारा महिने पाहावे लागते.

येथील शेतकऱ्याचे वर्ष मृग नक्षत्राने, म्हणजे 7 किंवा 8 जूनच्या सुमारास सुरू होते. तत्पूर्वीच झाडांवर काजवे चमकू लागतात आणि पावशाची हाक ऐकू येते. पहिल्या पावसात कुर्ल्या बिळांबाहेर पडतात. चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध येऊन भातखाचरांत अंडी घालतात. 'पोटखराबा' ठरलेल्या कातळाचे मोलही याच काळात कळते. बोटभर मातीत तेथे दिपकाडीची पांढरी फुले उमलतात. कोकणपट्टीच्या जांभ्या कातळाबाहेर ही वनस्पती क्वचितच आढळते. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे आणि तेरडा फुलतो. सड्यावर मुरलेले पाणी पुढे पायथ्याच्या विहिरींना मिळते.

आश्विनात भातकापणी होते. त्यानंतर सर्वांचे लक्ष आंब्याकडे लागते. हापूसला मोहोर येण्यास रात्रीचा गारवा लागतो. थंडी लांबली तर मोहोर लांबतो; अवकाळी पाऊस आला तर मोहोर काळवंडतो. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाने तर फळांबरोबर झाडेही पाडली. जुने ठोकताळे असे चुकू लागले असता, 'पूर्वी मोहोर लवकर येई' एवढे सांगून भागत नाही. किती लवकर, याचे उत्तर आठवण देत नाही. ते तारीखवार नोंदच देते.

अशा नोंदीस मोठी साधने लागत नाहीत. याच कोकण किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम येथे, 1930 च्या पावसाळ्यात डॉ. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादीने ते पसंत केल्यावर पुरे करतो आणि मग दुसरे घरटे विणू लागतो, हे त्यांनी त्यातून दाखवून दिले.

जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य कार्य आहे. ही वही एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. पहिला पावशा, पहिली दिपकाडी, पहिला मोहोर, विहिरीची पातळी यांच्या तारखा शाळेतील मुलांनी टिपाव्यात, शिक्षकांनी तपासाव्यात आणि पंचायत सदस्यांनी दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. उद्या कातळ फोडण्याचा प्रस्ताव आला आणि 'येथे काहीच नाही' असे कोणी म्हटले, तर गावाच्या हाती सातबाऱ्याखेरीज हाही एक लेखी आधार असला पाहिजे.