उड्डाणसमयी इंजिन निकामी झाल्यास
(वडूज येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेले व्याख्यान)

खटाव-माणच्या अवर्षणग्रस्त भागात इंजिन म्हटले की विहिरीवरचे ऑइल इंजिन डोळ्यांपुढे येते. ते बंद पडले तर पीक एखादा दिवस तग धरते. धावपट्टीवर ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या विमानाचे इंजिन बिघडले तर वैमानिकास विचार करण्याइतका अवधी नसतो. म्हणून तो विचार विमान हलण्यापूर्वीच झालेला असतो.

विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, वारा व तापमान यांवरून प्रत्येक उड्डाणासाठी एक निर्णयवेग ठरविला जातो. त्याच्या आत बिघाड झाल्यास विमान थांबवावयाचे. तो ओलांडल्यावर उरलेल्या धावपट्टीत थांबणे शक्य नसल्याने उड्डाण करावयाचेच. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावरही उंची गाठू शकेल, अशीच त्याची रचना असते. मात्र ते एका अंगास वळू लागते, ते शेपटीवरील सुकाणू पायाने दाबून सावरावे लागते. चाके आत घेतली की सुमारे चारशे फूट उंचीपर्यंत दुसऱ्या कशासही हात लावावयाचा नाही. मग दोघा वैमानिकांनी मिळून बिघडलेले इंजिन कोणते, याची खातरजमा करावयाची. ही खातरजमा वरवरची वाटेल. पण ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या विमानात उजव्या इंजिनाची शक्ती गेली असता चालू असलेले डावे इंजिन बंद केले गेले आणि ४३ जण प्राणास मुकले.

तथापि वैमानिकाच्या शिस्तीलाही मर्यादा असते. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान मद्रासकडे निघाले. मूळच्या बोइंगमध्ये दोष आढळल्याने ते ऐनवेळी बदली दिले गेले होते. उड्डाण होताच एक इंजिन निकामी झाले आणि वैमानिक लगोलग माघारी वळले. इंजिन नुसते बंद पडले असते, तर विमान सुखरूप उतरण्याची पुष्कळ शक्यता होती. परंतु आतील कॉम्प्रेसरची तबकडी फुटून तिचे तुकडे कवच भेदून बाहेर पडले, इंधननळ्या तुटल्या व आग भडकली. धावपट्टी गाठण्यापूर्वीच नियंत्रण सुटले. विमानातील सर्व ९५ जण मृत्युमुखी पडले.

त्या तबकडीस चीर पडली होती. बादलीची कडी वारंवार वाकविली की एके दिवशी तुटते, तशीच धातूची ही थकावट. अशी चीर नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यासाठी सुटा भाग चकाकणाऱ्या रंगद्रवात बुडवून, पुसून अतिनील दिव्याखाली धरतात. चिरेत शिरलेला द्रव तेवढा उजळतो. हे काम कारखान्यातील तंत्रज्ञाचे आहे. प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते.

इंजिनाचा आणखी एक शत्रू मात्र गावाच्या हद्दीत पोसला जातो. उघड्या उकिरड्यावर घारी जमतात आणि उड्डाणाच्या वेळी इंजिनात ओढल्या जातात. विमान नियम, १९३७ मधील ९१ व्या नियमाने विमानतळाभोवती दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापण्यास व घाण टाकण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी.