राज्यपाल गवई: मागे मतदार होते तेव्हा आणि नव्हते तेव्हा

(लखनौच्या गोमती नगरात मराठी संशोधक विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथून जवळच बाबासाहेबांचं स्मारक आहे. लखनौत आल्यावर तुमच्यापैकी बहुतेकांनी तिथला फोटो काढून घरी पाठवला असेल. मीही पाठवला. तो लाल दगड इथे उभा राहिला, कारण मायावती मुख्यमंत्री होत्या आणि त्यांच्यामागे मतं होती. त्याच काळात या शहरातल्या राजभवनातही कुणीतरी राहत होतं, पण राज्यपालाला स्वतःच्या अधिकारात त्यातला एक दगडही बसवता आला नसता. हा फरक डोक्यात ठेवा, कारण आज मी एका राज्यपालाबद्दल बोलणार आहे: रामकृष्ण सूर्यभान गवई. आपल्या विदर्भात त्यांना दादासाहेब म्हणतात.

मे २०२५ मध्ये भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. आपल्या सगळ्या ग्रुपांवर त्यांचे फोटो फिरले आणि वडिलांची ओळख एका ओळीत आली: बिहार आणि केरळचे माजी राज्यपाल. ओळख खरी आहे, पण ती त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातल्या शेवटच्या पाच वर्षांची आहे. आधीची चाळीसेक वर्षं कुठे गेली?

गवईंचा जन्म १९२९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचा. बाबासाहेबांना पाहिलेल्या, ऐकलेल्या पिढीतले ते. १९६४ मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेत गेले आणि १९९४ पर्यंत, म्हणजे सलग तीस वर्षं, तिथे राहिले. १९६८ ते १९७८ उपसभापती, मग १९८२ पर्यंत सभापती, पुढे विरोधी पक्षनेते. सभापतीच्या खुर्चीत बसलेला माणूस सभागृहाचे नियम कोळून प्यालेला असावा लागतो. कोणाला बोलू द्यायचं, किती वेळ, कोणता प्रश्न दाखल करून घ्यायचा, हे तो ठरवतो. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या चावडीसमोर ज्यांना बसण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्यातला एक माणूस राज्याच्या वरिष्ठ सभागृहाला 'बसून घ्या' म्हणत होता. मला ही गोष्ट राजभवनापेक्षा मोठी वाटते.

नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचं अध्यक्षपदही त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्या स्तूपाचं लोकार्पण झालं. दरवर्षी लाखो माणसं तिथे येतात. त्यातल्या कुणालाही गवई कोणत्या राज्याचे राज्यपाल होते हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

आता १९९८. रिपब्लिकन गट काही काळासाठी एकत्र आले आणि काँग्रेसशी युती करून महाराष्ट्रातून चार जण लोकसभेवर गेले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून गवई, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही जागा खुल्या होत्या. राखीव नव्हत्या, खुल्या. म्हणजे आपली मतं अधिक इतरांची मतं, असं गणित एकदा तरी जुळलं होतं. पण तेरा महिन्यांत वाजपेयी सरकार एका मताने पडलं, लोकसभा विसर्जित झाली. पुढच्या निवडणुकीपर्यंत रिपब्लिकन ऐक्यही टिकलं नाही आणि अमरावतीची जागा गवईंच्या हातून गेली. त्यानंतर २००० मध्ये राज्यसभा आणि २००६ मध्ये राजभवन. मानाच्या हिशेबाने ही चढती पायरी. माझ्या हिशेबाने उतरती. १९९८ मध्ये त्यांच्यामागे अमरावतीचे मतदार होते, २००६ मध्ये एक नियुक्तीपत्र होतं.

हे असं का, त्याचं उत्तर संविधान सभेत आहे. सुरुवातीच्या मसुद्यात राज्यपाल निवडून आणण्याचा पर्याय होता. मे १९४९ च्या चर्चेत तो मागे पडला आणि राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल आला. बाबासाहेबांनीही नेमणुकीचीच बाजू घेतली. त्यांचा मुद्दा असा की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने करायचं असं फारसं कामच नाही, सरकार मंत्रिमंडळ चालवणार. मग एवढ्या नामधारी पदासाठी राज्यभर निवडणूक कशाला? एक लोकनियुक्त मुख्यमंत्री आणि दुसरा लोकनियुक्त राज्यपाल म्हणजे रोजचं भांडण. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त पुढे दिल्लीतली सरकारं नेमलेल्या राज्यपालाकडून काय काय करून घेतील, ते त्या मसुद्यात मावणारं नव्हतं.

गवई बिहारमध्ये गेले तेव्हा तिथली खुर्ची गरम होती. २००५ मध्ये राज्यपाल बुटा सिंग यांच्या अहवालावरून विधानसभा विसर्जित झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि जानेवारी २००६ मध्ये बुटा सिंगांनी राजीनामा दिला. बुटा सिंगही दलित. दिल्लीला हवं ते घडलं, डाग मात्र राज्यपालाच्या नावावर बसला. गवईंची बिहारमधली दोन वर्षं त्यामानाने शांत गेली. जुलै २००८ मध्ये ते केरळला आले.

आणि तिथे जून २००९ मध्ये त्यांनी एक सही केली. लावलिन प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. जलविद्युत प्रकल्पांच्या नूतनीकरणाचं कॅनडातल्या कंपनीला दिलेलं कंत्राट आणि त्या काळातले वीजमंत्री पिनराई विजयन. सीबीआयला खटल्यासाठी मंजुरी हवी होती. डाव्या आघाडीच्या मंत्रिमंडळाने 'देऊ नका' असा सल्ला दिला. गवईंनी तो बाजूला ठेवून मंजुरी दिली. अशा प्रकरणात राज्यपाल स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ शकतो, असं मध्य प्रदेशच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच म्हटलं होतं. तेव्हा कायद्याचा आधार होता. पुढे २०१३ मध्ये सीबीआय न्यायालयाने विजयन यांना आरोपमुक्त केलं, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. दरम्यान २०१६ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

आपल्यातले काही जण ही सही अभिमानाने सांगतात: बघा, आमचा माणूस रबरी शिक्का नव्हता. मला इतका निर्धास्त अभिमान वाटत नाही. नेमलेल्या माणसाला स्वतःची ताकद दाखवायची एकच जागा उरली, आणि ती निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या विरोधात होती. दिल्लीतलं सरकार वेगळ्या पक्षाचं, तिरुवनंतपुरमचं वेगळ्या पक्षाचं. गवईंनी कायद्याला धरून केलं असं मी मानते. पण त्यांची तीस वर्षांची सभागृहातली तयारी या एका सहीपुरती खर्ची पडली, हेही दिसतं.

अमेरिकेत गव्हर्नर निवडून येतो आणि राज्य खरोखर चालवतो, म्हणून तिथली गोष्ट उलटी आहे. लुइझियानात पिंचबॅक नावाचा कृष्णवर्णीय नेता, आई पूर्वाश्रमीची गुलाम. डिसेंबर १८७२ मध्ये गव्हर्नरवर महाभियोग आला म्हणून त्याच्या जागी ते बसले आणि जेमतेम पाच आठवडे राहिले. त्यानंतर निवडून आलेला कृष्णवर्णीय गव्हर्नर दिसायला १९९० उजाडलं: व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर. मधली शंभरावर वर्षं ती खुर्ची बंद राहिली, कारण त्या खुर्चीत खरी सत्ता होती. आपल्याकडे राजभवनाचं दार त्यामानाने लवकर उघडलं. इथल्याच जौनपूरचे माता प्रसाद १९९३ मध्ये अरुणाचलचे राज्यपाल झाले, 'झोपड़ी से राजभवन' हे आत्मचरित्र त्यांनीच लिहिलं. दार लवकर का उघडलं, हा प्रश्न मी सारखा स्वतःला विचारते. उद्या तुम्हालाही कुठल्या तरी समितीवर 'सदस्य' म्हणून बोलावतील. तेव्हा त्या समितीच्या हातात नेमकं काय आहे, ते आधी विचारा.

एक शेवटची नोंद. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी राज्यपालांच्या अधिकाराबद्दल राष्ट्रपतींना मत कळवलं: विधेयकांवर निर्णय घ्यायला न्यायालय राज्यपालाला कालमर्यादा घालू शकत नाही, पण राज्यपालानेही विधेयक बेमुदत दाबून ठेवायचं नाही. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई. काही राज्यांना हे मत अपुरं वाटलं, मलाही वाटलं. त्यावर आपण चहानंतर भांडू.

मी सध्या रिपब्लिकन आमदारांच्या विधान परिषदेतल्या भाषणांवर काम करते आहे. १९६४ ते १९९४ मधल्या कामकाजाचे खंड कुणाच्या गावच्या, तालुक्याच्या वाचनालयात धूळ खात पडलेले दिसले, तर मला कळवा.