घरातले रबराचे झाड



चिटणीसबाईंनी मला 'ब्लॉकमधील बाग' हा विषय दिला आहे. बाग माझ्याकडे नाही. खिडकीशी एक कुंडी आहे व तीत रबराचे झाड आहे. त्याच्याविषयीच चार शब्द बोलते.

चाळ पाडली गेली आणि आम्ही सातव्या मजल्यावर राहावयास गेलो, तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. सारा जन्म कोकणातल्या अंगणात गेलेला, आणि आता समोर नुसती भिंत! तुळस लावून पाहिली. पण आमच्याकडे ऊन जेमतेम तासभर येते, ती टिकेना. म्हणून हे झाड आणले. माळी म्हणाला, "बाई, ह्याला विसरलात तरी चालेल." आम्ही विसरलो नाही, तीच चूक झाली. सकाळी मी पाणी घाली, दुपारी मोलकरीण, संध्याकाळी सासूबाई तांब्यातले उरलेले पाणी नातवाकडून ओतवून घेत. खालची पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा पाणी कमी पडते असे समजून आम्ही आणखी घातले! अखेर उपटून पाहिले, तर मुळे काळी पडून कुजलेली. सासूबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

दुसरे झाड आणले, तेव्हा पाण्याचा अधिकार एकट्या सासूबाईंना दिला. कुंडी पलंगाशी, हात पोचेल अशी ठेवली. मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालून पाहावे. ओल लागली तर पाणी नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी पाळी येते, पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी. घालायचे तेव्हा मात्र तळच्या भोकातून निथळेपर्यंत घालावे व बशीत साचलेले ओतून टाकावे. भोकावर खापरीचा तुकडा, लाल मातीत थोडी वाळू व मुरलेले शेणखत, एवढे पुरते. उजेड भरपूर हवा, दुपारचे कडक ऊन नको. आणि जागा सारखी बदलू नये. पाने गाळून ते रुसवा दाखवते.

हे झाड वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातले. टायरचे रबर आज ज्यापासून होते, ते झाड निराळे, मूळचे ब्राझीलकडचे. आपले हे आसाम-मेघालयाच्या बाजूचे. तिकडे खासी लोक ह्याची लोंबती मुळे ओढ्यापलीकडे वळवून नेतात, आणि काही वर्षांनी त्यांचाच जिवंत पूल होतो. असे हे दांडगे झाड आपण दहा इंची कुंडीत ठेवतो! म्हणून कंटाळा आला तरी इमारतीच्या भिंतीलगत ते लावू नका.

ह्याने घरातली हवा शुद्ध होते असे पुष्कळजणी सांगतात. 1989 सालच्या नासाच्या प्रयोगावरून ही समजूत पसरली. पण तो बंद पेटीतला प्रयोग होता. आपल्या उघड्या खिडक्यांच्या घरात एका कुंडीने तसा फरक पडत नाही. पानांवरची धूळ मात्र ओल्या फडक्याने पुसावी. चकाकीसाठी खोबरेल लावू नये, त्यावर धूळ जास्तच बसते. पान तुटले की पांढरा चीक येतो. तो अंगाला लागला तर खाजतो आणि पोटात जाणे वाईट; रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.

नवे पान तांबूस टोपणात गुंडाळलेले येते; ते उलगडले की टोपण गळून पडते. सासूबाई त्याला 'टोपडे' म्हणत. मी ऑफिसातून आले की पहिली बातमी तीच, "आज टोपडे उतरले ग!" त्या गेल्या त्या दिवशीही शेंड्याला एक टोपडे होते.

गेल्या पावसाळ्यात शेंड्याखाली बोटभर साल गोल काढून, ओले शेवाळ प्लॅस्टिकने बांधून मी गुटी धरली. दीड महिन्यात मुळे दिसली. अशी तीन रोपे झाली आहेत. दारापाशी ठेवली आहेत. ज्यांच्या घरी कोणी दिवसभर पडून असेल, त्यांनी आधी न्यावीत.