यंत्र कोणासाठी थांबते?



मुक्तस्रोत प्रणालीवर चालणारा लॅपटॉप लवकर कसा सुरू करावा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काही मंडळींच्या मनात आले असेल. बटण दाबावे आणि तोवर चहा घेऊन यावे! परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रे एकदम निरुपयोगी ठरू लागली. त्यांच्यावर लिनक्स घातले तर ती आणखी काही वर्षे काम देतात. मात्र नव्याने लिनक्सकडे आलेल्या माणसाला पहिला अनुभव येतो तो प्रतीक्षेचा. दीड मिनिट पडद्याकडे पाहत बसावे लागले की तो म्हणतो, 'यंत्र म्हातारे झाले', आणि ते भंगारात जाते. पुष्कळदा ते म्हातारे झालेले नसते. ते कोणाची तरी वाट पाहत थांबलेले असते. कोणाची, हे कसे ओळखावे, ते आज आम्ही सांगणार आहोत.

बटण दाबल्यावर प्रथम जागी होते ती कारखान्यातच यंत्रात घातलेली प्रणाली, म्हणजे फर्मवेअर. ती एका छोट्या प्रोग्रॅमला हाक मारते, तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो, आणि कर्नल क्रमांक एकचा प्रोग्रॅम सुरू करतो. जाळ्याची जोडणी, छपाई, घड्याळ, आवाज, शेवटी पडदा, ही पुढची सारी वऱ्हाडी मंडळी या क्रमांक एकने गोळा करायची. खरी रंगत येथेच आहे.

जुन्या पद्धतीत प्रत्येक सेवेसाठी एक लहानशी लेखी सूचनावली असे, तिच्या नावाच्या आरंभी एक आकडा असे, आणि आकड्यांच्या क्रमाने एकामागून एक सेवा सुरू होत. पंगतीत पहिल्याचे जेवण आटोपून तो हात धुऊन आल्याशिवाय दुसऱ्याच्या पानात वाढायचेच नाही, असा तो प्रकार. वाढपी रिकामा, स्वयंपाक तयार, आणि लोक ताटकळलेले!

हा प्रकार किती अनावश्यक आहे, ते सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे दोघा अभियंत्यांनी चारचौघांत दाखवून दिले. इंटेलमधील आर्यन व्हान द व्हेन आणि ऑके कॉक यांनी आसूसचा ईई पीसी हा अगदी बेताच्या ताकदीचा, स्वस्त लॅपटॉप घेतला आणि तो पाच सेकंदांत पूर्ण सुरू करून दाखविला. त्यांच्या कामातील आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी 'अधिक लवकर' असे मोघम ध्येय ठेवलेच नाही. एखाद्या काटकसरी गृहिणीने पगाराची पाकिटे करावीत तशी त्यांनी पाच सेकंदांची वाटणी केली: कर्नलला एक, आरंभीच्या सेवांना एक, चित्रपडद्याला एक, आणि उरलेले दोन वापरणाऱ्याच्या कामाच्या मेजाला. शिवाय 'सुरू झाले' याचा अर्थही त्यांनी कडक ठेवला. पडद्यावर चित्र दिसले म्हणजे झाले नव्हे. प्रोसेसर आणि साठवण दोन्ही शांत झाली पाहिजेत. आत धावपळ चाललेली असताना बाहेर सुंदर चित्र दाखविणे, हा त्यांच्या हिशेबी वेळ वाचविणे नव्हतेच.

मोजमाप केल्यावर असे दिसले की, यंत्र कामापेक्षा थांबण्यातच गुंतलेले आहे. घरगुती लॅपटॉपवर टपाल वाटणारी सेवा सुरू होत होती. का, तर कुठेतरी कोणी तरी त्या प्रणालीवर टपालकेंद्र चालवीत असेल! एकाच्या गरजेची किंमत सर्वांनी रोज सकाळी मोजायची. मग नको ते काढले, लागणारे चालक कर्नलमध्येच बसविले, आणि पुढे ज्या फाइली लागणार त्या आधीच वाचून ठेवल्या.

एका यंत्रावरचा हा हातखंडा सर्वांच्या यंत्रांवर आला तो पुढे. २०१० मध्ये लेनार्ट पॉयटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी क्रमांक एकसाठी 'सिस्टिमडी' नावाचा नवा प्रोग्रॅम मांडला आणि २०११ मध्ये फेडोरा १५ ने तो स्वीकारला. त्याच्या मुळाशी असलेली युक्ती कोणालाही कळेल. नव्या बिऱ्हाडाची टपालपेटी बिऱ्हाडकरू येण्यापूर्वीच दारावर ठोकून ठेवली, तर पोस्टमनला थांबावे लागत नाही; पत्रे पेटीत पडून राहतात, माणूस आला की वाचतो. सिस्टिमडी सर्व सेवांच्या पेट्या आधी ठोकून टाकतो आणि मग सर्वांना एकदमच हाका मारतो. ॲपलच्या लाँचडीने २००५ मध्येच ही वाट चोखाळली होती, आणि पॉयटरिंग यांनी ते ऋण मोकळेपणाने मान्य केले.

आता तुमच्या घरच्या यंत्राकडे वळू. सिस्टिमडीबरोबर 'सिस्टिमडी-ॲनालाइझ' नावाचे साधन येते. ते फर्मवेअर, कर्नल आणि सेवा यांना प्रत्येकी किती सेकंद लागले ते सांगते. त्यालाच 'ब्लेम' हा शब्द जोडला की कोणत्या सेवेने किती वेळ घेतला याची उतरत्या क्रमाची यादी मिळते. येथे एक इशारा देतो. त्या यादीत पहिला दिसला तोच चोर, असे समजू नये. सेवा एकाच वेळी चालतात. वीस सेकंद घेणाऱ्या सेवेसाठी कदाचित कोणीच थांबलेले नसेल. खरी साखळी 'क्रिटिकल-चेन' या शब्दाने दिसते: कोण कोणाच्या पायात अडकले आहे ती. दिसेल ती सेवा बंद करीत सुटणारे शूर वीर पुष्कळ आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बंद असतो किंवा छपाई बंद असते.

दोन गुन्हेगार मात्र वारंवार सापडतात. पहिला म्हणजे जाळे पूर्ण जोडले जाईपर्यंत सर्वांना रोखून धरणारी सेवा. दूरच्या यंत्रावरची साठवण आरंभीच लागत नसेल, तर लॅपटॉपवर तिची सहसा गरज नसते. दुसरा अधिक गमतीचा. साठवणीचा एखादा विभाग आपण पुसून टाकतो, पण 'एफस्टॅब' या यादीत त्याचे नाव तसेच राहते. यंत्र बिचारे त्या दिवंगत विभागाची वाट पाहते, आणि ठरलेली मुदत आहे ९० सेकंदांची! तेच ते दीड मिनिट. यादीतली एक ओळ खोडली की यंत्र पुन्हा तरुण.

तरीही जुन्या यंत्रात फिरती तबकडी असेल, तर या साऱ्या युक्त्या अपुऱ्या पडतात. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात; त्यात सुई हलविण्याचा वेळ मिळविला तर विखुरलेल्या वाचनाची सेकंदास पन्नास-साठ कामेच होतात. चिपांवरची साठवण अशी हजारो कामे करते. पैसे एकाच गोष्टीवर खर्चायचे असतील तर येथे खर्चावेत. आणि फर्मवेअरचाच आकडा मोठा निघाला तर? तेथे सहसा आपला इलाज चालत नाही, कारण ते दार कारखानदाराने बंद ठेवलेले असते.

आता या वेगाची किंमत. सिस्टिमडीवरून जेवढी भांडणे झाली तेवढी या क्षेत्रात क्वचितच झाली असतील. डेबियनच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आला. नाराज मंडळींनी त्याच वर्षी 'देव्हुआन' नावाची वेगळी चूल मांडली. त्यांचे म्हणणे क्षुल्लक नव्हते. जुन्या सूचनावल्या संथ होत्या, पण साधा माणूस त्या वाचू शकत असे. त्यांच्या जागी आला एक मोठा प्रोग्रॅम, ज्याचे हातपाय सगळीकडे पसरलेले. आमच्या मते मापनाची सोय आणि वेग पाहता बदल योग्यच होता. पण 'इतके सारे एकमेकांत का गुंतविता?' या प्रश्नाला बगल देणे योग्य नव्हते.

तो प्रश्न मार्च २०२४ मध्ये दारात येऊन उभा राहिला. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या कच्च्या आवृत्तीवर मोजमापे करीत होते. दूरच्या यंत्रात शिरण्याचे जे 'एसएसएच' नावाचे दार, त्याला ०.३ ऐवजी ०.८ सेकंद लागतात असे त्यांना दिसले. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही सोडून दिला असता. त्यांनी पाठ धरली, आणि २९ मार्चला जगाला कळविले की फाइली आवळणाऱ्या 'एक्सझेड' या संचाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी चोरवाट घातली आहे. आत शिरलेल्याने २०२१ पासून सहकारी म्हणवून घेत विश्वास कमावला होता.

एसएसएचचा एक्सझेडशी वस्तुतः काही संबंध नाही. काही वितरणांनी एसएसएचला सिस्टिमडीकडे 'मी तयार आहे' एवढा निरोप पाठवायला शिकविले होते, म्हणजे सुरू होण्याचा क्रम नीट लागावा. त्या दोन शब्दांसाठी सिस्टिमडीचा संच आत घेतला, आणि त्याने आपल्याबरोबर एक्सझेडला आणले. निरोप्याच्या सामानातून चोर घरात आला.

जून २०२४ मध्ये सिस्टिमडीची २५६ वी आवृत्ती आली, तीत असे संच लागतील तेव्हाच बोलावण्याची व्यवस्था होती. पुढच्याच महिन्यात एसएसएचच्या ९.८ व्या आवृत्तीने तो निरोप पाठविण्याच्या मोजक्या ओळी स्वतःच लिहून घेतल्या. निरोप आताही जातो, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाला घरात घ्यावे लागत नाही.