पडण्याआधीची सोबत



आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बोलणारे यंत्र कशाला हवे, असा प्रश्न आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. म्हणून यंत्राचे नंतर बघू, आधी पडण्याविषयी बोलू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वांत मोठे असते. आपण मात्र "वय झालं, पाय घसरला, खुबा मोडला" एवढ्यावर विषय सोडून देतो. भीमाशंकरच्या परिसरात आहुपे, तेरुंगण या बाजूला पावसाळा कसा असतो ते तुम्हांला सांगायला नको. जोत्याच्या पायरीवर शेवाळ धरते, चपलेचा तळ झिजलेला असतो, वीज गेलेली असते आणि संडास घराबाहेर असतो. मुलेसुना पोटासाठी मंचर, चाकण, पुणे, मुंबईला. घरात एकटी आजी, नाहीतर दोघे म्हातारे एकमेकांच्या आधाराने.

दोष केवळ पायरीचा नसतो. झोपलेले माणूस एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांनी हे वाढू शकते. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर रात्री उठणेही वाढते. त्यात मोतीबिंदू. आणि एकदा पडलेले माणूस भीतीने चालणेच कमी करते. चालणे कमी झाले की मांड्यांतले बळ जाते आणि ते पुन्हा पडते. हे चक्र आम्हांला सर्वांत घातक वाटते, कारण घरचे लोक प्रेमापोटीच "बसून राहा, उठू नको" असे सांगून त्याला हातभार लावतात.

आता यंत्राकडे येऊ. पडल्यावर मुलाला फोन लावणारी मनगटी घड्याळे बाजारात आली, त्यालाही काही वर्षे झाली. ती उपयोगी आहेत, पण त्यांचे काम पडल्यानंतर सुरू होते. बोलणाऱ्या सोबत्याचे काम आधीचे आहे. दक्षिण कोरियात 'ह्योडोल' नावाची नातवंडासारखी दिसणारी बोलकी बाहुली स्थानिक शासनसंस्थांनी एकट्या वृद्धांना दिली आहे. ती औषधाची आठवण करते, आणि माणसाची बराच वेळ हालचाल जाणवली नाही तर देखभाल करणाऱ्यांना कळवते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण कार्यालयाने २०२२ साली 'एलीक्यू' हा टेबलावर ठेवायचा बोलका सोबती आठशेहून अधिक वृद्धांना देण्याचे जाहीर केले. माणसाने विचारण्याची वाट न पाहता तो स्वतःहून बोलणे काढतो, हे त्याचे वैशिष्ट्य.

हे दोन्ही सोबती मुख्यतः एकटेपणासाठी आहेत, हेही सांगितले पाहिजे. यंत्र दिल्याने पडणे किती कमी होते, याचा भक्कम पुरावा अजून जमलेला नाही. भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा. २०१९ साली १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले, आणि तोल सावरण्याच्या व्यायामांचा गुण ठळक होता. व्यायाम म्हणजे काही आखाडा नव्हे. खिडकीचा गज धरून टाचा उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून उठबस करणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून भिंतीच्या कडेने चालणे, एवढेच. पहिल्या दिवशी शेजारी माणूस हवे. अडचण ही की चार दिवस होते आणि पाचव्या दिवशी राहते. रोज न कंटाळता "आजी, आज दहा वेळा उठबस झाली का?" असे विचारणारा कोणी हवा. सोबत्याची खरी गरज येथे आहे. रात्री निजताना "काठी खाटेजवळ आहे का, बॅटरी उशाशी आहे का?" आणि पहाटे "आधी काठावर बसा, मिनिटभर थांबा, मग उठा." उत्तर आले नाही तर शेजारच्या घरी फोन.

पण हे विचारणे कोणत्या भाषेत व्हायचे? यंत्र ऐकलेले बोलणे अक्षरांत उतरवते, त्याचा अर्थ लावते आणि मग उत्तर देते. आपली आजी 'चक्कर आली' म्हणेलच असे नाही. ती 'घेरी आली' म्हणेल, 'भोवळ आली' म्हणेल, नाहीतर नुसते 'गरगरतंय' म्हणेल, तेही दात नसलेल्या तोंडाने. शहरी आवाजांवर शिकवलेले यंत्र येथे अडेल. भारत सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमात २०२२ पासून मराठीसह भारतीय भाषांसाठी अशी साधने तयार होत आहेत. त्यांत डोंगरातल्या म्हाताऱ्यांचा आवाज असावा, ही मागणी आपण करायला हवी. विद्यार्थ्यांनो, हे काम तुमचे आहे.

काही पथ्ये आम्ही आधीच ठरवली आहेत. कोणती गोळी बंद करावी हे यंत्राने सांगू नये, ते डॉक्टरांनीच सांगावे. घरात सतत ऐकणारे यंत्र ठेवायचे तर म्हाताऱ्या माणसाची स्वतःची संमती हवी, मुलाची पुरणार नाही. आणि डोंगरात फोनला रेंज नसेल तेथे यंत्राच्या भरवशावर कोणाला सोडू नये.

जुन्नरला मानमोडी डोंगरावर भीमाशंकर नावाने ओळखला जाणारा लेण्यांचा गट आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याची पोढी आणि मंडप दान दिल्याची नोंद तेथे कोरलेली आहे. म्हणजे मंडपाबरोबर त्याला रोजच्या पाण्याचीही आठवण होती. आपल्या देणग्या मात्र कमानीला आणि गुळगुळीत फरशीला जातात, आणि त्याच ओल्या फरशीवरून म्हातारी माणसे घसरतात! मोरीत धरायला लोखंडी दांडी, पायरीच्या कडेला पांढरा पट्टा, बाहेर जाण्याच्या वाटेवर एक दिवा, याला यंत्राच्या मानाने खर्च फारच थोडा. ते आधी.

तेव्हा आमची योजना अशी. या पावसाळ्यापूर्वी ज्यांच्या घरी एकटे वृद्ध आहेत तेथे दोन-दोन विद्यार्थ्यांनी जाऊन मोरी, पायरी, दिवा आणि चप्पल पाहावी. मग रोज ठरल्या वेळी साध्या फोनवरून वर सांगितलेलेच प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे आजीच्याच शब्दांत वहीत लिहावीत. पुढे बोलणारे यंत्र घ्यायचे की नाही, हे त्या वह्या पाहून ठरवू. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही शासनाची हेल्पलाइन आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घराच्या भिंतीवर लावावेत.

नावे नोंदवण्याची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जयभीम.