पिशवीतलं आजारपण

माझ्या दवाखान्यात पेशंटच्या आधी त्याची पिशवी आत येते. कधी साडीच्या दुकानातली, कधी मुलाने मुंबईहून आणलेली. टेबलावर उपडी केली की आयुष्यभराचं आजारपण बाहेर पडतं. केसपेपर, केमिस्टची बिलं, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, आणि त्यात हमखास एखादं लाइटबिल.

एका पावसाळ्यात अशाच एक आजी आल्या. छातीत भरून येत होतं. मुंबईला मुलाकडे असताना काढलेला ईसीजी त्यांनी प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून आणला होता. मी घडी उलगडली, तर पट्टी जवळजवळ कोरी. ईसीजीचा आलेख कागदावर उष्णतेने उमटतो, त्यात शाई नसते. वेळीच झेरॉक्स काढली नाही तर काही वर्षांत तो पुसट होतो. मी काढलेल्या ईसीजीत बदल दिसत होता, पण तो आजचा की जुनाच, हे सांगणारा एकमेव साक्षीदार मुका झाला होता. गोळ्या कुठल्या, विचारलं. म्हणाल्या, "ती पांढरी गोली, सकालची." आता पांढऱ्या गोळ्या जगात किती! जोखीम कोण घेणार? आजींना आंबा घाट चढवून कोल्हापूरला धाडलं. दोन दिवसांनी निदान आलं, बदल जुनाच आहे. गाडीभाडं, तपासण्या आणि घरच्यांचा जीव टांगणीला, हे सगळं एका पुसट कागदापायी.

आपल्या कोकणी माणसाचं घर एक असलं तरी बिऱ्हाडं दोन असतात. उन्हाळ्यात आई-वडील गावी, पावसाळ्यात मुलाकडे डोंबिवलीला. ऑपरेशन मुंबईत, टाके काढायला रत्नागिरीत. फाईल मात्र ज्या त्या इस्पितळातच. खरं तर भरती झालेल्या पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं जपावीत आणि मागितल्यावर 72 तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 पासूनचा नियम आहे. पण मागतो कोण? "डॉक्टरांना राग येईल" म्हणून माणसं गप्प बसतात.

आणि कागद टिकतो तरी किती? वाळवी, बुरशी आणि चार महिने ओल. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. लोटिस्मा वाचनालयाची पुस्तकं भिजली, त्याची हळहळ साऱ्या महाराष्ट्राला वाटली. दवाखान्यांतल्या भिजलेल्या केसपेपरांसाठी कोण हळहळणार?

त्याच वर्षी 27 सप्टेंबरला केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्यात प्रत्येकाला 14 आकडी आभा क्रमांक मिळतो. पुष्कळांना वाटतं, आपले सगळे रिपोर्ट दिल्लीच्या एखाद्या मोठ्या कपाटात जाऊन पडतात. तसं नाही. रिपोर्ट ज्या इस्पितळात तयार झाला तिथेच राहतो, आभा क्रमांकाने फक्त त्याचा पत्ता जोडला जातो. तुम्ही मोबाईलवर संमती दिलीत, तरच दुसऱ्या डॉक्टरला तो दिसतो, तोही तुम्ही ठरवाल तेवढ्या मुदतीपुरता. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे, त्यामुळे मनाच्या औषधांच्या लपवून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचं दुःख इथे नव्याने सांगायला नको. दातांच्या डॉक्टरला मनाच्या औषधांचा कागद दाखवायचा की नाही, हे पेशंटनेच ठरवावं.

मग अडतं कुठे? माझंच सांगतो. हौसेने संगणक घेतला, प्रोग्राम बसवून घेतला. पहिल्याच सोमवारी रांग रस्त्यावर गेली. एका बोटाने टाईप करता करता मी पेशंटच्या तोंडाकडे बघायचंच विसरलो. एक काका उठून म्हणाले, "डॉक्टर, टीव्ही बघून झाला की बोलवा." पंधरा दिवसांत पुन्हा कागदावर आलो. मग शहाणपण सुचलं. सगळं भरायचा हट्ट सोडला आणि तीनच गोष्टी नोंदवायला लागलो: कुठल्या औषधाची ॲलर्जी, रोजच्या गोळ्या आणि झालेली ऑपरेशनं. एवढ्यानेच निम्मी पिशवी हलकी झाली. गावोगावच्या नर्सबाईंना तर एकच नोंद रजिस्टरातही करावी लागते आणि पोर्टलवरही. हा दुहेरी जाच थांबल्याशिवाय त्यांच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणं मला लबाडीचं वाटतं.

यंत्रावर आंधळा विश्वासही नको. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातलं एवढं मोठं इस्पितळ कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहीत बसलं. इंग्लंडने 2002 मध्ये सगळ्या देशासाठी एकच मोठी संगणकयोजना आखली, अफाट खर्च केला आणि 2011 मध्ये ती मोडीत काढली. आपल्याकडे तर निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून मी अजून एक वही ठेवतो. तिला कोणी हसलं तर हसू दे.

आता चाकरमान्यांना एक विनंती. गणपतीला घरी याल तेव्हा आरती-भजनातून एक दुपार काढा आणि वडिलांची पिशवी उपडी करा. ईसीजीचे मोबाईलवर फोटो काढा, जुनी बिलं फेकून द्या, ॲलर्जी असेल तर ती जाड अक्षरात लिहून वरच ठेवा. त्यांचा आभा क्रमांक काढाल तेव्हा त्याला स्वतःचा मोबाईल जोडू नका. वडील सिव्हिलच्या खिडकीपाशी उभे असतात, ओटीपी येतो तुमच्या फोनवर, आणि तुम्ही तेव्हा लोकलच्या गर्दीत उभे असता. घरातल्याच कोणाचा तरी नंबर द्या, ज्याचा फोन गावात लागतो.