धूळ खात उभ्या असलेल्या गाडीचं काय करायचं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या ‘सभासदांचे छंद’ या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला माझ्या छंदाविषयी वीस मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझा छंद तुम्हाला दिसतो, ऐकू येतो आणि कधी कधी त्याचा वासही तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो, त्यामुळे ओळख करून द्यायची गरज नाही. रविवारी सकाळी स्टिल्टमध्ये चटई टाकून जुन्या जपानी मोटारसायकली उघडून बसणारा म्हातारा तो मीच.

पण आज नुसतं कौतुक सांगायला उभा नाही. मागच्या वार्षिक सभेत आपण ठराव केला की, वर्षानुवर्षं पडून असलेली वाहनं मालकांनी हलवावीत, नाहीतर संस्था पुढची कारवाई करेल. ठराव योग्यच आहे, मीही हात वर केला होता. नंतर खाली जाऊन मोजलं. अशा नऊ दुचाकी आहेत. त्यातल्या चार जपानी घराण्यातल्या: एक यामाहा, एक सुझुकी आणि दोन हिरो होंडा. आम्ही बँकेत व्यवहार न झालेल्या खात्याला निष्क्रिय खातं म्हणायचो. ते बुडीत नसतं, फक्त खातेदाराने येऊन एकदा सही करायची असते. या चार गाड्यांचं तसंच आहे. म्हणून भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी माझं ऐकून घ्या, एवढीच विनंती.

आधी या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते थोडक्यात. माझ्या तरुणपणी बुलेट, राजदूत आणि जावा-येझदी एवढीच मोटारसायकलींची नावं होती आणि बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. १९८० नंतर सरकारने परदेशी सहकार्याला वाट करून दिली आणि चार जपानी कंपन्या चार भारतीय भागीदारांबरोबर आल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी, हिरोबरोबर होंडा, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा आणि आपल्या बजाजबरोबर कावासाकी. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाच्या आरडी ३५० वरून राजदूत ३५० काढली होतीच. पाठोपाठ इंड-सुझुकी, १९८५ ला हिरो होंडा सीडी १००, त्याच सुमारास यामाहा आरएक्स १०० आणि मग कावासाकी बजाज केबी १०० आली. मध्यमवर्गी माणसाला किक मारल्याबरोबर सुरू होणारी गाडी पहिल्यांदा मिळाली ती तेव्हा.

यामाहाची एक गोष्ट मला फार आवडते. १८८७ साली जपानमधल्या हामामात्सु गावच्या शाळेतलं ऑर्गन बिघडलं. तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने ते दुरुस्त केलं आणि त्यातून स्वतः ऑर्गन बनवायला घेतलं. पुढे त्याच कंपनीने १९५५ मध्ये मोटारसायकल काढली. टाकीवरच्या बिल्ल्यात तीन सूरकाटे दिसतात ते त्यामुळे. म्हणजे एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात एका दुरुस्तीतून झाली. ऑर्गनमध्ये हवेने हलणारी पट्टी असते, तिला रीड म्हणतात. आरएक्स १०० च्या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेऊन परत जाऊ न देणारी पातळ पट्टी असते, तिचंही नाव रीड व्हॉल्व्ह!

आता मुद्द्यावर येतो. आपली गाडी ठेवायची की काढायची, हे भावनेवर ठरवू नका. कर्ज मंजूर करताना आम्ही जसं बघायचो, तसं तीन गोष्टी बघून ठरवा.

पहिली गोष्ट कागद. आरसी बुकावरचे इंजिन आणि चेसिसचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का, ते टॉर्च घेऊन स्वतः बघा. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी आरटीओचा नमुना ३१ असतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी नमुना २५. त्याबरोबर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट. एक गैरसमजही दूर करतो. आपण या गाड्यांना विंटेज म्हणतो, पण २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनं वाहन. आपल्या गाड्या अजून त्या वयाच्या नाहीत. त्यांना साधेच नियम लागू. कागदच नसतील, तर पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट सांगाडा. आपली हवा खाडीची. पत्र्यावरचा गंज दिसतो, त्याची भीती नाही. स्विंगआर्मचा जोड, चेसिसच्या नळीचा खालचा भाग आणि मागच्या शॉकॲब्सॉर्बरची बैठक इथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रे निघाले, तर ती गाडी रस्त्यावर आणणं धोक्याचं आहे.

तिसरी गोष्ट इंजिन. जाम झालेल्या इंजिनावर किकने जोर लावू नका. प्लग काढून त्या भोकातून थोडं पातळ तेल आत सोडा आणि दोन-चार दिवस थांबा. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू मागे-पुढे हलवा. बहुतेक पिस्टन सुटतो. नाही सुटला तरी इंजिन संपलं असं नाही, हेड आणि ब्लॉक उतरवावा लागेल, एवढंच.

हे तिन्ही बघून गाडी ठेवण्यासारखी नसेल, तर सरळ काढा. पण भंगारवाल्याला अशीच देऊ नका. सरकारमान्य वाहन भंगार केंद्रात दिली की जमा प्रमाणपत्र मिळतं आणि आरटीओतली नोंदणी रद्द करता येते. नोंदणी तुमच्या नावावर जिवंत राहिली, तर उद्या त्या नंबरचा जबाब तुम्हालाच द्यावा लागेल.

ठेवायची ठरली, तर घरी दुरुस्ती करता येते का? येते. या गाड्या साध्या पान्यांनी उघडाव्यात अशाच बनवल्या आहेत. आरएक्स १०० चं उदाहरण घ्या. टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ५० मिलिमीटर, त्यातून ९८ सीसी. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. फोर-स्ट्रोक हवी असेल, तर सीडी १०० सगळ्यात सोपी, कारण तिचं इंजिन पुढे स्प्लेंडरपर्यंत चालत आलं आणि बरेच सुटे भाग आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आरडी ३५० मध्ये दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोन्ही एका सुरात लावायचे. तिच्यापासून सुरुवात करू नका.

माझ्याकडची आरएक्स १०० थोरल्या बंधूंची. त्यांनी १९८९ मध्ये सांगलीत घेतली. ते गेल्यावर ती पडवीत अकरा वर्षं उभी होती. टेम्पोत घालून इथे आणली आणि तिला उभी करायला तीन पावसाळे गेले. त्या तीन वर्षांत जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

पहिलं हत्यार म्हणजे वही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो, प्रत्येक बोल्ट स्वतंत्र पिशवीत, पिशवीवर तारीख आणि जागा. व्हाउचरशिवाय रक्कम नाही, तसं नोंदीशिवाय नट नाही.

दुसरं, जपानी स्क्रू. इंजिनाच्या कव्हरवर फुलीच्या खाचेचे स्क्रू असतात. ती खाच जपानी मापाची, आपला नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात नीट बसत नाही आणि डोकं गोल करून टाकतो. जपानी मापाचा बिट आणि हातोडीच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा.

तिसरं, ऑइल सील. उभ्या गाडीत रबर कडक होतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही बाजूंचे सील हवाबंद नसतील, तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं, तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो. पुष्कळ लोक धूर बघून पिस्टन बदलतात आणि दुखणं तसंच राहतं. गिअर ऑइलची पातळी कमी होते का, ते आधी बघा.

चौथं, ब्लॉक. घासला असेल तर बोअर करून घ्यावा लागतो आणि पाव-पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवावा लागतो. हे काम घरी होत नाही. तुर्भे-रबाळेच्या औद्योगिक पट्ट्यात अजून काही जुने लेथवाले आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून बघा. हाताच्या अंदाजाने शतांश मिलिमीटर ओळखणारी ती माणसं माझ्याच वयाची आहेत आणि त्यांच्या मशीनवर पुढे कोण उभं राहणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

पाचवं, टाकी. आतला गंज काढायला मी लिंबूसत्त्वाचं पाणी भरून रात्रभर ठेवलं, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, लगेच वाळवलं आणि आतून तेलाचा हात फिरवला. दोन्ही डबे स्वयंपाकघरातून गायब झाल्याचं सौभाग्यवतींनी अजून माफ केलेलं नाही.

सहावं, ऑटोल्युब. या गाडीत टू-टी ऑइलची वेगळी टाकी आणि छोटा पंप असतो. पंप पुन्हा बसवल्यावर नळीतली हवा काढून टाकावीच लागते, नाहीतर पिस्टनला तेलच पोचत नाही. पंपाची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळा.

आणि सातवं आजच्या काळाचं, पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी दोन-तीन महिने उभी राहिली की पाणी तळाशी बसतं आणि गंज धरतो. जुन्या नळ्या आणि रबरी वॉशर फुगतात. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घाला. गाडी उभी ठेवताना कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

सुटे भाग कुठे मिळतात, असं विचारतात. मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचं करोल बाग. नवा नकली भाग आणि घासलेला असली भाग यांत निवड आली, तर असली भाग आधी दुरुस्त होतो का बघा. काढलेला कुठलाही भाग फेकू नका. तो नमुना म्हणून लेथवाल्याला दाखवता येतो.

कोणी म्हणेल, या टू-स्ट्रोक गाड्या धूर करतात, म्हणूनच तर बंद झाल्या. बरोबर आहे. ऑइल जळतं आणि थोडं न जळलेलं पेट्रोलही धुराबरोबर बाहेर जातं. रोज ऑफिसला जायची ही गाडी नव्हे. महिन्यातून दोनदा पाम बीच रोडवर पहाटे एक फेरी, एवढंच मी चालवतो, तेही पीयूसी घेऊनच.

आणि शेजारधर्म. स्टिल्टमध्ये पेट्रोलचा साठा करायचा नाही, टाकी रिकामी करूनच काम, वाळूची बादली आणि अग्निशामक जवळ, इंजिन सुरू करायचं ते गेटबाहेर नेऊन, तेही सकाळी नऊनंतर. सांडलेलं ऑइल गटारात नाही, डब्यात. हे नियम कार्यकारिणीने घातले आणि ते मला पटले.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. वय ऐंशी. गॅलरीत उभ्या होत्या. आवाज ऐकून खाली बघत म्हणाल्या, “भाऊजी, चोक बंद केलात का? हे नेहमी विसरायचे.” पुढे काही बोलल्या नाहीत. चोक खरंच उघडाच होता, मी बंद केला. त्या खुर्ची ओढून तासभर तिथेच बसून राहिल्या.

त्या चार गाड्यांच्या मालकांना माझं सांगणं इतकंच आहे. ठरावाची मुदत संपण्यापूर्वी एका रविवारी साडेनऊला आरसी बुक घेऊन खाली या. कागद, सांगाडा, इंजिन आपण मिळून बघू आणि अर्ध्या तासात ठरवू. काढायची ठरली, तर रीतसर काढू. ठेवायची ठरली, तर पाने माझे, हात तुमचे. घरातला नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांनाही आणा. ऑइल सील बसवायला दुकानात शिकवत नाहीत आणि शिकवणारे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. माझे गुडघे साथ देतील तोवर माझी चटई टाकलेली असेल.